वाफसा किती टक्के?

लीमिंग्टन, कॅनडा
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय एस्तेर आत्या,

सलाम. तुझ्या तिन्ही अटी पाळल्या आहेत. कागद, पेन आणि मराठी. टाईप केलेलं तुला परक्याचं वाटतं आणि फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून हे पान लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाईलवर टाकते आहे. चुका काढू नकोस. मराठीच्या मास्तरांची पोरगी असून मला दहावीला मराठीत पंचेचाळीस होते, हे पप्पा अजून कुणाला सांगत नाहीत.

आत्या, मी अडचणीत आहे आणि अडचण तुझ्याच धंद्यातली आहे. इथल्या काचघरात मला रोपांचं काम दिलंय. एक झाड आहे. ट्रेमध्ये छान उगवतं. मग मोठ्या कुंडीत हलवलं की रुसून बसतं. आठ-दहा दिवस हलत नाही, आणि जागं होतं तेव्हा वीतभर उंचीवरच फुलायला लागतं. इतर झाडं दिवस लहान-मोठा झाला की फुलतात ना, तसं याचं नाही. दिवे अठरा तास लावा नाहीतर बारा, हे आपल्या वयाप्रमाणे चौथ्या-पाचव्या आठवड्यात फुलणारच. म्हणजे रुसण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

माझ्या दोन खेपा अशाच वाया गेल्या. आमचे मोठे साहेब हेंक काल म्हणाले, तिसरी खेप शेवटची. तीनशे रोपं असतील. त्यातली दोनशे कमरेला लागली तर तू राहशील, नाहीतर एप्रिलअखेर तुझा करार संपेल. करार संपला की मी परत. चर्चमध्ये हार घालून पाठवलंत मला, वर्षभरात तोच हार घेऊन कशी येऊ?

बी दहा तारखेला टाकायचं आहे. पानाचा फोटो सोबत आहे. अंबाडीच्या जातीचं काहीतरी आहे. लवकर सांग.

तुझी
मोनिका

*

राहुरी
६ फेब्रुवारी

चि. मोनिका,

तुला आत्याचा सलाम आणि एक टप्पल. अक्षर सुधारलं नाहीस. 'रोप' लिहिलंस की 'रोग' हेच कळेना, पण हकिकत वाचल्यावर वाटलं, दोन्ही चालेल.

फोटो बघितला. अंबाडी म्हणतेस तर अंबाडी म्हणू. पण बाई, आमची अंबाडी दसरा झाल्याशिवाय फुलाचं नाव काढत नाही, आणि तुझी महिन्याच्या आत बाशिंग बांधून तयार. एक पान चावून पाहा आणि आंबट लागलं का ते कळव.

रुसण्याचं मात्र मला माहीत आहे. माझ्या रोपवाटिकेतून एकतीस वर्षं फ्लॉवरची रोपं जातायत. लवकर येणाऱ्या फ्लॉवरचं रोप ट्रेमध्ये जुनं झालं आणि मग लावलं, तर पाला वाढायच्या आतच शर्टाच्या बटणाएवढा गड्डा धरून मोकळं होतं. शेतकरी येऊन भांडतो की बाई बी खराब दिलं. बी खराब नसतं. त्या रोपाचे दिवसच मोजके, त्याला आजारपण परवडत नाही. तुझ्या झाडाचंही तेच दिसतंय.

आता मला सांग. ट्रेमध्ये किती दिवस ठेवता? काढता कसं, धरता कुठं? कुंडी केवढी? पाणी कोण देतं आणि कधी? गोजरबाई हातातले रोपांचे ट्रे खाली ठेवून माझ्या खांद्यावरून वाचायला बघतेय. तिला वाचता येत नाही, पण फोटोकडं बघून ती गालात हसतेय. का ते सांगत नाही.

तुझी आत्या
एस्तेर

*

लीमिंग्टन
९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गोजरमावशीला सलाम सांग.

तुझी उत्तरं. ट्रेमध्ये एकवीस दिवस ठेवतो. काढताना खोडाला धरून वर ओढतो, मुळं ट्रेला चिकटलेली असतात म्हणून थोडं हलवावं लागतं. माती बरीचशी गळून पडते. कुंडी दहा लिटरची आहे. लावलं की लगेच खालून पाणी वाहीपर्यंत भरतो आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ देतो. रुसलेलं आहे म्हणून जरा जास्तच देतो.

पान चावता आलं नाही. इथं कामावर काहीही तोंडात घालायला सक्त बंदी आहे.

उद्या बी टाकतेय. प्रत्येक बीवर देवाचं नाव घेणार आहे म्हटलं तर हसशील.

मोनिका

*

राहुरी
११ फेब्रुवारी

चि. मोनिका,

हसले नाही. वाचून कपाळाला हात लावला. मानेला धरून ओढायचं, अंगावरची माती झाडायची, मग गळ्यापर्यंत पाण्यात बुडवायचं, आणि वर म्हणायचं रुसतं. मी असते तर मेलेच असते.

नीट वाच. खरं तर असं झाड हलवूच नये, जिथं वाढायचं तिथंच बी टाकावं. पण तुमच्याकडं जागेची अडचण असणार, आमच्याकडंही असते. तेव्हा हलवायचंच तर पोरवयात हलव. एकवीस दिवस फार झाले. दहा-अकरा दिवसांनी पानांची दुसरी जोडी फुटली की ट्रेचा एक कप उपडा करून बघ. पांढरी मुळं मातीला धरून असतील आणि हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा तो गोळा, हातात अख्खा राहत असेल, तर तोच दिवस. मुळं गोल फिरायला लागली की उशीर झाला.

आदल्या दिवशी ट्रेला पाणी दे, म्हणजे हुंडी फुटणार नाही. कुंडीतली माती आधी ओलसर करून ठेव. ट्रेच्याच कपानं तिच्यात खळगा पाड, म्हणजे हुंडी खळग्यात माप घेतल्यासारखी बसते. रोप ओढायचं नाही, खालून बोटानं ढकलायचं. धरायचं झालं तर पानाला धर, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं. होतं तेवढंच खोल लाव, आणि बाजूनं दाबताना आपण भाकरी थापत नाही हे लक्षात ठेव. दिवे कमी करून, उन्हं उतरल्यासारख्या उजेडात हे काम कर.

पाण्याचं म्हणशील तर लावल्यावर फक्त रोपाभोवती, मुठीएवढ्या गोलात, तांब्याच्या धारेनं थोडंसं. एवढंसं लेकरू, त्याला दहा लिटरचा हौद कशाला? मग हात आवर. वाफसा आल्याशिवाय दुसरं पाणी नाही. सगळं वाफशावर आहे, पोरी. वाफसा सांभाळलास तर अर्धं काम झालं समज. मुळं पाण्याच्या शोधात लांब जातात. दारात आणून दिलंस तर ती तिथंच बसून खातात.

इकडं टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांची झुंबड आहे. मुळा धरणाचं आवर्तन कालव्याला सुटलं की सगळ्यांना एकाच दिवशी रोपं पाहिजेत.

आत्या

*

लीमिंग्टन
२५ फेब्रुवारी

आत्या, घाईत लिहितेय, चुका समजून घे.

एकवीस तारखेला लागवड केली. अकराव्या दिवशी. तू लिहिलंस तस्संच, खालून ढकलून, पानाला धरून. तीनशेपैकी एकही हुंडी फुटली नाही. माझ्याबरोबर काम करणारी फिलिपाईन्सची रोसा म्हणाली, आज तू कुणाचं तरी बाळंतपण करतेयस असं वाटतंय. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं ताठ. मी देवाचे आभार मानले.

मग वाफसा. तू म्हणालीस सगळं वाफशावर आहे, म्हणून त्यात मी काही कमी ठेवलं नाही. आमच्याकडं छताला धुकं सोडणारी नळी आहे. ती चोवीस तास चालू ठेवली. काचेतून पलीकडचं दिसत नव्हतं इतका वाफसा केला. कुंडीत पाणी अगदी थोडं, तुझ्या सांगण्याप्रमाणे, पण वाफसा भरपूर.

आज सकाळी आले तर सेहेचाळीस रोपं आडवी. खोड मातीजवळ काळं पडून मऊ झालंय. बाकीच्यांची पानं थेंबांनी खाली लोंबतायत. हेंक दाराशी उभे राहून पडलेली रोपं मोजून गेले.

आत्या, वाफसा किती टक्के ठेवायचा? मी नव्वद ठेवला होता. कमी पडला का? फोटो पाठवतेय, पडलेल्या रोपांचा आणि उभ्या रोपांचाही.

मोनिका

*

राहुरी
२६ फेब्रुवारी, सकाळी

मोनिका,

आधी धुकं बंद कर. हे वाक्य वाचलंस की कागद खाली ठेव, जा, नळी बंद कर, पंखे लाव, मग पुढचं वाच.

केलंस? आता ऐक. वाफसा म्हणजे वाफ नव्हे गं माझ्या बाई. वाफसा हवेत नसतो, मातीत असतो. पाणी दिलं की माती आधी गच्च होते, तिच्यात हवा राहत नाही. मग पाणी खाली उतरतं, माती मोकळी होते, ओल राहते पण चिखल राहत नाही. पाणीही आहे आणि मुळाला श्वासही आहे, अशी वेळ आली की शेतकरी म्हणतो, वाफसा आला. आधी पाणी दिलं तर मूळ गुदमरतं, फार उशिरा दिलं तर वाळतं. त्याला टक्के नसतात. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे, बोटांना पाणी लागता कामा नये, आणि अंगठ्यानं टिचकी मारली की गोळा फुटला पाहिजे. तुमच्या कुंड्यांना दुसरी खूण म्हणजे वजन. पाणी दिल्यावर उचलून बघ, रोज उचल, हलकी लागली की दे. आठ दिवसांत हातच सांगायला लागतील.

पडलेली काढून लांब टाक, त्या कुंड्या बाजूला ठेव. उरलेल्या दोनशे चोपन्नना वाफसा येईपर्यंत एक थेंब देऊ नकोस. वाईट वाटलं तरी देऊ नकोस. अजून उशीर झालेला नाही.

मी हे वाचताना इतकी हसले की गोजरबाई धावत आली. तिला सांगितलं, तर म्हणाली, "आत्याबाई, पोरीनं रोपाला वाफारा दिला व्हय? सर्दी झाल्ती का त्याला?" आणि मग दोघी शेडनेटमध्ये बसून हसलो. मराठीच्या मास्तरांची पोरगी! तुझ्या बापाला, एडविनला, सांगणार नाही, त्याला धक्का बसेल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही हसण्यातली नाही.

ही अंबाडी नाही. मी पहिल्या फोटोतच ओळखलं होतं, आणि गोजरबाईनं माझ्याही आधी. तिनं जत्रेत गोसाव्यांच्या धुनीपाशी हे पान पाहिलंय. काल ती उघडच म्हणाली, "ह्यो गांजा हाय बाई, लई ब्येस पिकवलाय." पान चाव म्हणाले ते तू खरं सांगावंस म्हणून. अंबाडी आंबट असते एवढं तर तुला माहीत आहे, भाजी खाऊनच मोठी झालीस. तू बंदीचं कारण काढलंस. त्या दिवशी मला वाईट वाटलं.

मी तरीही सगळं सांगितलं, कारण रोपानं माझं काही बिघडवलेलं नाही. पण तू माझ्याशी खोटं बोललीस. मला एकच विचारायचं आहे. हा माल कोणाच्या घरात जातो? मधली पानं गाळू नकोस, सगळं सांग. मग मी ठरवीन.

आत्या

*

लीमिंग्टन
२७ फेब्रुवारी

आत्या,

धुकं त्याच मिनिटाला बंद केलं.

तुला खरं सांगायला हवं होतं. दहा महिने मी घरी 'टोमॅटो' म्हणतेय. एकदा टोमॅटो म्हटलं की पुढं प्रत्येक फोनवर टोमॅटोच म्हणावं लागतं. मम्मी विचारते तुमचे टोमॅटो केवढे होतात, आणि मी हातानं दाखवते. तुलाही सांगणार होते टोमॅटोच, पण तू टोमॅटोच्या रोपाला फसली नसतीस.

इथं हे कायद्यानं चालतं. आमच्या काचघराला सरकारी परवाना आहे, दर झाडाला नंबर असतो, पान गळलं तरी तोलून नोंद होते. माझ्या कुंड्यांच्या बाकावरचं पीक औषधाच्या कंपनीला जातं. पण तू मधली पानं गाळू नकोस म्हणालीस म्हणून सांगते, शेजारच्या काचघरातलं पीक दुकानात जातं आणि मोठी माणसं ते विकत घेऊन ओढतात. ते घर माझं नाही, पण छप्पर एकच आहे. मला हे काम आवडतं. झाड म्हणून आवडतं. खोटं बोलल्याची लाज वाटते, कामाची वाटत नाही.

आता तू ठरव. तू पुढं काही सांगितलं नाहीस तरी मी समजेन.

मोनिका

*

लीमिंग्टन
१४ मार्च

आत्या,

सोळा दिवस झाले. तुझं पान नाही. पाठवलेल्या फोटोखाली दोन निळ्या खुणाही आल्या नाहीत, म्हणजे तू उघडूनही बघितलं नाहीस.

ठीक आहे. रागावायचा तुझा हक्क आहे. पण तू वाचलंस किंवा नाही वाचलंस, मी लिहिणार.

पहिले पाच दिवस पाणी दिलं नाही. हेंक म्हणाले, मारणार आहेस का. मी म्हटलं, माती अजून तयार नाही. ते म्हणाले, तुला कसं कळतं. मी त्यांच्या हातात मूठभर माती दिली. त्यांनी दाबली, टिचकी मारली, गोळा फुटेना. ते गेले. सहाव्या दिवशी गोळा फुटला. मी एकटीनं दोनशे चोपन्न कुंड्या उचलून बघितल्या आणि रोपाभोवती थोडं मोठं रिंगण करून पाणी दिलं. माझी कंबर मोडली. दोन दिवसांनी मधल्या शेंड्यांचा रंग बदलला. फिका होता तो उजळ हिरवा झाला. मी तिथंच उभी राहून रडले, रोसाला वाटलं आणखी मेली.

आता रोज दोन-दोन बोटं वाढतायत. परवापासून कळ्या धरतायत, पण गुडघ्याच्या वर येऊन धरतायत. मागच्या वेळी या वयाला वीतभरच होती.

तू नसलीस तरी तुझं पान मी कामाच्या कोटाच्या खिशात ठेवते, 'वाफसा म्हणजे वाफ नव्हे' असलेलं. त्याचा प्रिंट काढलाय. ओलं होऊन अक्षरं पसरलीत.

तुझी
मोनिका

*

राहुरी
१८ मार्च

चि. मोनिका,

अगं कसला राग आणि कसली खूण! मोबाईल हौदात पडला.

सत्तावीस तारखेला मिरचीच्या ट्रेवर पाणी मारताना ओच्यातून सटकला तो सरळ तळाला. गोजरबाईनं चिमटे घालून काढला. ती म्हणाली तांदळात ठेवा. मी तांदळात ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी सवयीनं तेच तांदूळ निवडायला घेतले. मोबाईल काही उठला नाही. मग नगरला नेऊन दिला, तो दुकानदार रोज 'उद्या' म्हणत होता. काल मिळाला. चालू केला तर तुझी दोन्ही पानं टणटण आली. तुझं दुसरं पान वाचून मला हसावं की रडावं कळेना. सोळा दिवस पोरगी समजतेय आत्यानं टाकलं, आणि इथं आत्या तांदळातून मोबाईल काढतेय.

आता तू विचारलंस त्याचं. मी विचार केला. मोबाईल नव्हता म्हणून निवांत केला. ओढणाऱ्यांविषयी माझं मत होतं तेच आहे, ते कॅनडात बदलणार नाही. मी दारूचा गुत्ता बंद पाडायला त्याच्यासमोर उभी राहिलेली बाई आहे. पण तू औषधाचं रोप वाढवतेस, परवान्यानं वाढवतेस, आणि विचारल्यावर शेजारच्या घराचंही लपवलं नाहीस. 'ते घर माझं नाही' एवढंच म्हणून हात झटकून मोकळी झाली असतीस, तशी झाली नाहीस. मला तेवढं पुरे आहे. पुढं त्या दुसऱ्या घरात काम दिलं तर काय करायचं ते तेव्हा तुझं तू ठरव, आणि मला खरं ते कळव.

एक ताकीद. इकडं याचं एक रोप जरी बांधावर सापडलं तरी फौजदार दारात येतो. येताना बॅगेत, खिशात, चपलेच्या खाली चुकूनसुद्धा एक बी आणू नकोस. आणि एक काम. एडविनला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही आणि तुझ्यासाठी खोटंही बोलणार नाही. तो मास्तर आहे, आधी गप्प बसेल. गप्प बसला की फोन ठेवू नकोस.

रोपांचं. कळ्या धरल्या की पाणी वाढेल, घाबरू नकोस, पण नियम तोच. झाड मोठं झालं म्हणून माती बदलत नाही. रिंगण आता कुंडीच्या काठापर्यंत ने, मुळं तिथवर आली असतील. सकाळी दे. कमरेला पट्टा बांध, कुंडी उचलताना गुडघ्यात वाक. माझी कंबर याच धंद्यात गेली, तुझी जाऊ देऊ नकोस.

पाच दिवस पाणी दिलं नाहीस, साहेब समोर असताना! माझ्याही हातून ते झालं नसतं.

तुझी आत्या

*

लीमिंग्टन
१६ एप्रिल

आत्याऽऽ!

ऊठ, चष्मा लाव, गोजरमावशीला बोलव.

काल हेंक टेप घेऊन आले. बाकाच्या एका टोकापासून मोजायला लागले. मी मागे मागे. तू म्हणशील देवाचं नाव घेत होतीस. नाही, मी आकडे मोजत होते. कमरेची रेघ त्यांनी आधीच एका काठीवर मारली होती. एक, दोन, दहा, पन्नास. शंभरानंतर त्यांनी टेप खिशात घातली आणि नुसती काठी धरून चालू लागले. दोनशेच्या पुढं काठीही खाली ठेवली. दोनशे चोपन्नपैकी दोनशे एकोणपन्नास कमरेच्या वर! बरीचशी माझ्या छातीला लागतात. प्रत्येक फांदीला मनगटाएवढा तुरा. वासानं डोकं भणभणतं, पण तुला सांगते, मी असं पीक आयुष्यात पाहिलं नाही आणि हेंकनीही नाही, ते स्वतः म्हणाले.

मला कायम केलं आत्या. नुसतं कायम नाही, पुढच्या महिन्यापासून रोपांचं अख्खं काचघर माझ्याकडं.

मग त्यांनी विचारलं, ती पद्धत काय होती, मातीचा गोळा करून बघायचा तिला काय म्हणतात? मी म्हटलं, वाफसा. ते म्हणाले, इंग्रजीत? मी खूप विचार केला. इंग्रजीत त्याला एक शब्द मला सापडला नाही. त्यांनी फळ्यावर, पाणी देण्याच्या तक्त्यात, एक नवा रकाना आखला आणि वर तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला. फोटो पाठवतेय. आज सकाळपासून रोसा, मेक्सिकोचा मिगेल, सगळे कुंडी उचलतात आणि एकमेकांना ओरडून विचारतात, "वाफसा?" "नो वाफसा!" तुला ऐकू येतंय का तिथं?

पप्पांना सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं, पण तुला निकाल लागल्यावर कळवायचं ठरवलं होतं. ते गप्प बसले. मी फोन ठेवला नाही. घड्याळात बघत होते, चार मिनिटं. मग खाकरून म्हणाले, "किती रोपं जगली?" मी म्हटलं दोनशे चोपन्न. म्हणाले, "आणि सेहेचाळीस का मेली?" मग मला वाफशाचंही सांगावं लागलं. आत्या, गांजाचं ऐकून ते चार मिनिटं गप्प बसले. वाफशाचं ऐकून दहा मिनिटं बोलत होते.

तुझी, अगदी तुझीच
मोनिका

*

राहुरी
२१ एप्रिल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी

माझ्या लाडक्या मोनिका,

ख्रिस्त उठला आहे, आणि तुझी रोपंही. पाळकसाहेबांसमोर असं म्हणायचं नाही, तुला म्हणते.

काल काय झालं ते आता ऐक, एडविन सांगेल त्याआधी. उपासना झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, कोणाला उपकारस्तुती सांगायची आहे का. मी उठले. एडविन नगरहून आला होता, शेजारी बसला होता, त्यानं माझा पदर ओढला. मी म्हटलं, माझ्या भाचीला परदेशात कायमची नोकरी लागली, तिच्या हातानं अडीचशे झाडं वाढली, देवाची स्तुती असो. सगळे 'आमेन' म्हणाले. इथंच मी खाली बसायचं होतं. पण पुढच्या बाकावरची मरियम वळून म्हणाली, "टोमॅटो का गं?"

आता मला खोटं बोलता येत नाही, आणि हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मला वाटलं मी मरियमच्या कानात सांगतेय. एडविन म्हणतो, आवाज बाहेर चपलांपर्यंत गेला. "नाही, गांजा! औषधाचा!"

चर्चमध्ये पंख्याचासुद्धा आवाज बंद झाला म्हणे. मला तो तसाही येत नाही. पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक उलटं धरलं. मग एडविन उठला. मला वाटलं आता हा मला बाहेर नेतो. तो उभा राहिला, चष्मा पुसला, आणि वर्गात सांगतो तसं सावकाश म्हणाला, "परवान्यानं. आणि तिकडच्या फळ्यावर तिनं एक मराठी शब्द लिहायला लावलाय." मग त्यानं तुझा तो फोटो बाकाबाकावर फिरवला. अर्ध्या तासानं चहाच्या वेळी सगळे शेतकरी माझ्याभोवती, आणि कोणी गांजाचं विचारत नव्हतं. त्यांना ऐकायचं होतं की गोऱ्या माणसाला वाफसा कसा समजावला. तुझ्या बापाची मान मी इतकी वर कधी पाहिली नव्हती, त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

आज सकाळी गोजरबाईला फोटो दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही तर इंग्रजी कुठलं, पण तिनं त्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्ये आपलं हाय?" म्हटलं, आपलं आहे. ती म्हणाली, "मंग आता रोज पानी द्यायच्या आदी मला पन विचारायचं, वाफसा का न्हाई म्हून." तेव्हापासून माझ्या शेडनेटमध्येही आरडाओरडा चालू आहे. ती मुद्दाम मोठ्यानं विचारते, मला ऐकू यावं म्हणून, आणि मला येतं.

एकतीस वर्षं माझी रोपं लोकांच्या रानात गेली. कोणत्या रानात माझं काय उगवलं ते मला कधी कळलं नाही. आज कळलं. मला फार आनंद झाला आहे, पोरी, दुसऱ्या कोणत्या शब्दांत लिहू ते सुचत नाही.

फक्त एक कर. तुमच्या त्या फळ्यावर इंग्रजी अक्षरांच्या खाली मराठीतही लिही, ठळक, चांगल्या अक्षरात, आणि शेजारी मातीचा गोळा काढ. तिकडं उद्या आपल्याकडची आणखी एखादी पोरगी येईल, मराठीत पंचेचाळीस मार्कांची, आणि तुझ्यासारखीच धावत जाऊन धुकं सोडील.

तुझी आत्या
एस्तेर